खाऱ्या हवेत ट्यूब अँप बांधायचाय: ५ई३ की १८ वॅट?

किनारपट्टी
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, आज विचारूनच टाकतो. मला गिटारसाठी ट्यूब अँप, म्हणजे जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर, स्वतःच्या हाताने बांधायचा आहे. मी वेंगुर्ल्यात राहतो, घर बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षांपूर्वी मडगावला एका लग्नात बँडमधल्या गिटारवाल्याचा पिवळसर कापड चढवलेला छोटा अँप ऐकला आणि तेव्हापासून तो आवाज कानातून गेलेला नाही. तार जोरात छेडली की आवाज फाटायचा, हलक्या बोटाने छेडली की पुन्हा स्वच्छ. अख्ख्या गाण्यात त्या माणसाने एकदाही बटणाला हात लावला नाही.

सोल्डरिंग मला बऱ्यापैकी येतं. गिटारचा आवाज बदलणारी तीन पेडल बांधलीत, तिन्ही चालू आहेत. पण तो ९ व्होल्टचा खेळ, इथे साडेतीनशे-चारशे व्होल्टशी गाठ आहे. वाचून वाचून दोन जुन्या सर्किटांवर अडकलोय: फेंडर कंपनीचं ५ई३ डिलक्स आणि मार्शल कंपनीचं १८ वॅट. खोली लहान, कधीमधी गणपतीत आणि मित्रांच्या कार्यक्रमात वाजवतो. पहिलाच अँप म्हणून काय बांधावं? आणि आपल्याकडच्या हवेत तो टिकेल का? बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं, पण त्यांच्याकडे आषाढ नसतो.

जांभा
५ई३. डोळे मिटून.

ट्यूब पाचच: आउटपुटला दोन ६व्ही६, एक १२एवाय७, एक १२एएक्स७ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ५वाय३. एवढ्यात संपलं. टोन कंट्रोल एकच. कॅथोड बायस असल्याने ट्यूब आपला करंट आपणच सांभाळते, बायस लावत बसायची भानगड नाही. फेंडरने हे सर्किट १९५५ ते १९६० काढलं, त्यामुळे त्यात काय चुकतं आणि ते कसं सापडतं हे सगळं लिहिलेलं आहे. बारा-पंधरा वॅट मिळतात. खोलीसाठी तेही भरपूर होतात.

आणि त्याचे दोन चॅनेल एकमेकांत गुंतलेले आहेत. गिटार एकात लावा आणि दुसऱ्या, रिकाम्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवा, आवाजाचा पोत बदलतो. एका टोन कंट्रोलच्या अँपमध्ये तीन बटणांची मजा.

तिसरीतार
जांभादादा, ५ई३ला माझा विरोध नाही, पण त्याचा खर्ज तुम्ही विसरलात. हंबकरची (दुहेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार लावून व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला की खालच्या दोन तारा भिजल्या गोणपाटासारख्या वाजतात. कपलिंगला, म्हणजे एका टप्प्याकडून पुढच्या टप्प्याकडे आवाज न्यायला, ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आहेत, सगळा खर्ज आत घुसतो. लोक तिथे ०.०२२ घालतात ते उगाच नाही.

माझं मत १८ वॅट. आउटपुटला दोन ईएल८४ ट्यूब, १९६५ च्या सुमाराची रचना. मी चिपळुणात बांधलाय, चार वर्षं वाजवतोय. ईएल८४चा आवाज पुढे येतो, ढोलकी-टाळांच्या गर्दीतही गिटार हरवत नाही. गणपतीत वाजवणार असाल तर याचा विचार कराच.

दर्याकाठ
एवढा खटाटोप कशाला? अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा मॉडेलर घ्या, हेडफोन लावा, शंभर अँपचे आवाज मिळतात. काच फुटायची भीती नाही, ओल लागायची भीती नाही, शॉक नाही. दापोलीकडे राहतो, अनुभवाने सांगतोय. समुद्राकाठी ट्यूब अँप म्हणजे दुखणं पाळणं.

सुरंगी
दर्याकाठ, ओल लागते हे अगदी खरं आहे. पण ती नेमकी कुठे लागते हे कळलं की दुखणं राहत नाही. माझंच सांगते.

मालवणात राहते. पहिला अँप ५ई३च बांधला, सात वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. सगळं जुन्यासारखं हवं म्हणून बोर्डही जुन्यासारखाच, काळ्या फायबरचा, मेण चढवलेला मागवला. तीन महिने सुरेख वाजला. मृग गेला, आर्द्रा लागल्या, आणि व्हॉल्यूम फिरवला की करकर सुरू झाली. पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता रेझिस्टन्स, बदलला, करकर तशीच. पहिली ट्यूब बदलली, तरी तशीच. कपलिंग कंडेन्सर गळतोय म्हणून तोही बदलला. मग एका रात्री वैतागून मीटरची काळी पिन चेसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) लावली आणि लाल पिन बोर्डाच्या मोकळ्या जागेवर टेकवली. जिथे ना तार, ना डाग, ना आयलेट (तार डागायची धातूची कडी), नुसता काळा फायबर. मीटरने १४ व्होल्ट दाखवले. मी पिन उचलून पुन्हा टेकवली. पुन्हा १४.

बोर्डच वीज वाहत होता. मेणाच्या आतून फायबरने ओल शोषली होती आणि ३०० व्होल्टच्या आयलेटपासून शेजारच्या ग्रिडच्या (ट्यूबमध्ये आवाजाचा सिग्नल जिथे शिरतो त्या टोकाच्या) आयलेटपर्यंत अदृश्य वाट तयार झाली होती. ट्यूबच्या ग्रिडला बहुधा १ मेगओहमचा रेझिस्टन्स असतो, म्हणजे एक मायक्रोअँपिअर जरी गळला तरी तिथे १ व्होल्ट उभा राहतो. पॉटवर डीसी आला की तो करकरणारच, बिचाऱ्याचा दोष नसतो. केसांच्या ड्रायरने अर्धा तास शेकला, आवाज साफ. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी सगळं उचकटून ३ मिमी ग्लास इपॉक्सीच्या पट्टीवर पितळी टरेट (तार डागायचे खुंट) ठोकून नव्याने बांधला. सोल्डरिंग झाल्यावर राळेचा चिकटा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रशने धुतला, कारण तो चिकटाही ओल धरतो. त्याला आता सहा पावसाळे झाले.

किनारपट्टी, सर्किट कुठलंही घ्या. बोर्ड काळ्या फायबरचा घेऊ नका. जुन्या वस्तूची नक्कल करताना तिचा आजारही उचलायची गरज नाही.

किनारपट्टी
सुरंगीताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. मी तोच बोर्ड मागवायच्या बेतात होतो. हायलमची शीट चालेल का? ती इथे मिळते.

रेडिओकाका
हायलमवर मी उत्तर देतो. कुडाळला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता वय झालं, पण हात चालतात.

हायलम म्हणजे कागद आणि राळ. वरून गुळगुळीत, पण जिथे करवतीने कापाल, जिथे भोक पाडाल, तिथून तो पाणी पितो. कापलेल्या कडांना आणि भोकांना वॉर्निश लावून उन्हात वाळवलात तर चालतो, आम्ही वर्षानुवर्षं चालवला. आता ग्लास इपॉक्सी मिळतं तर तेच घ्या.

व्हॉल्व्ह रेडिओतही हेच दुखणं होतं. मुंबईहून चाकरमान्याने आणलेला मोठा लाकडी रेडिओ, पुढे हिरवा डोळा, बाराही महिने भिंतीतल्या फडताळात. पावसाळा आला की आवाज घोगरा. दहापैकी सात वेळा आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा कागदी कंडेन्सर गळायचा. ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज आलं की व्हॉल्व्ह लालबुंद, मग स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खलास. त्या काळी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळायचे, ईएल८४ सुद्धा. माझ्याकडे अजून चार खोक्यांत आहेत. गिटारवाली पोरं आता शोधत येतात.

आता महत्त्वाचं. माझा ऐकशीत तर आधी ह्या शिक, मग डाग मार. अँप बंद केला, पिन काढली, तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये करंट बसून असतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढू नको. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स घे, एक टोक चेसिसला, दुसरं इन्सुलेटेड पट्टीने कंडेन्सरला लाव, दहापर्यंत मोज, मग मीटरने बघ. पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहम २ वॅटचा रेझिस्टन्स कायमचा ठेव. चालू अँपमध्ये मोजताना डावा हात पाठीमागे. बोटात अंगठी नको. पायात रबरी चप्पल आणि खाली लाकडी पाट. पावसात ओल्या लादीवर उभा राहून अँप उघडायचा नाही म्हणजे नाही.

जांभा
काका, पाटाचं लाखात एक. मी रबरी मॅट घेतली होती, ती घामाने ओली होते.

मीटरभाऊ
हवेइतकाच लाइटचा विचार करा. आमच्या वाडीत मे महिन्यात संध्याकाळी सातला १९५ व्होल्ट आणि रात्री दोनला २५० मोजलेत. ६.३ व्होल्टचा हीटर १९५ ला ५.३ वर येतो आणि २५० ला ६.८५ वर जातो. पहिल्यात ट्यूब अर्धी झोपलेली, दुसऱ्यात आयुष्य खर्च करते. ट्यूबच्या प्लेटवरचं, म्हणजे तिच्या मुख्य टोकावरचं, व्होल्टेजही त्याच प्रमाणात खालीवर. ज्यांना वाटतं अँपचा मूड बदलतो, त्यांनी एकदा मेन्सला मीटर लावून बघावं.

पॉवर ट्रान्सफॉर्मर बांधून घेताना प्रायमरीला २२०, २३०, २४० असे टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं, काढून घ्या. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर सर्व्होचा घ्या. रिलेवाला टकटक करत टप्पे बदलतो आणि ती टकटक स्पीकरातून ऐकू येते. अमेरिकेतला जुना अँप कोणी आणलाच तर नुसता १२० व्होल्टचा स्टेप-डाउन लावून निश्चिंत होऊ नका. तो ६० हर्ट्झसाठी बांधलेला असतो. ५० वर कोअरमध्ये चुंबकीय फ्लक्स २० टक्के वाढतो. ट्रान्सफॉर्मर कसा तापतो ते हात लावून बघा.

आणि अर्थिंग. आपल्याकडे खाली जांभा दगड, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. पाइप ठोकला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. खड्डा, कोळसा, मीठ, आणि मार्चपासून रोज बादलीभर पाणी. जुन्या अमेरिकन नकाशांत मेन्सच्या एका तारेपासून चेसिसला एक कंडेन्सर दाखवलेला असतो. तो घालू नका. थ्री पिन, चेसिसला घट्ट बोल्टने अर्थ, आणि घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइट तोडणारा स्विच.

तिसरीतार
मीटरभाऊंनी माझ्याच सर्किटावर बोट ठेवलं. ईएल८४ला प्लेटवर ३०० व्होल्टची मर्यादा कागदावर आहे, पण १८ वॅटमध्ये ती आधीच ओलांडलेली असते. रात्री अडीचशे आले की अजून वर. माझ्या चार वर्षांत दोन जोड्या गेल्या, दोन्ही उन्हाळ्यात. ६व्ही६ हा मार सोसतो, हे मान्य करतो.

चाकरमानी
गाव देवगड, सध्या मुक्काम डोंबिवली. दर महिन्याला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेरी असते, कोणाला सॉकेट, स्विच, स्टँडऑफ हवे असतील तर सांगा, गावी येताना आणतो.

पण एक बोलायचं आहे. तुम्ही सगळे ओल आणि लाइटवर बोलताय, आवाजाचं काय? हाताने बांधलेले महागडे, बुटीक अँप म्हणतात त्यात पार्ट निवडलेले असतात. तेलात बुडवलेले कागदी कंडेन्सर, कार्बन कंपोझिशन रेझिस्टन्स, कापडी आवरणाची तार. अमेरिकेत अँप बांधणाऱ्या डंबलने आपल्या सर्किटावर इपॉक्सी ओतून ते झाकून ठेवलं, ते काहीतरी होतं म्हणूनच ना? साधे पार्ट घालून बांधलेला अँप तसा कसा वाजेल?

जांभा
चाकरमानीशेठ, डंबलने झाकलं ते सर्किट. आणि त्याची खरी कमाई ते सर्किट गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे जुळवण्यात होती. ट्रेनरेक नावाचे अँप बांधणारा केन फिशर घ्या. मॉडेलांच्या नावांखेरीज तो एकेका अँपला बाईचं नाव द्यायचा. त्याची ख्याती कशाची? तार कुठून कुठे न्यायची, किती लांब ठेवायची, कुठली कुठल्यापासून दूर, हे कानाने ऐकून ठरवण्याची. तेच पार्ट, तीच किंमत, तार अर्धा इंच सरकवली की अँप वेगळा. ते दुकानात मिळत नाही.

आणि कार्बन कंपोझिशन आपल्याकडे तर नकोच. ओल शोषतो, व्हॅल्यू सरकते, खरखर वेगळीच. मेटल फिल्म लावा.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मार्शलच्या पहिल्या अँपची, जेटीएम४५ची आहे. १९६२ मध्ये जिम मार्शलच्या लंडनच्या दुकानात फेंडर बेसमन ५एफ६-ए समोर ठेवून ती उतरवली. सर्किट जवळपास तेच. पण पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ आली, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडात मिळाले ते, स्पीकर १० इंची जेन्सन मिळेनात म्हणून १२ इंची सेलेस्टियन, पेटी मागून उघडीच्या जागी बंद. नक्कल करायला बसले आणि त्यांच्या गावच्या मालाने वेगळाच आवाज निघाला. मग कुडाळात बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरचा, शिवणीच्या पेटीतला अँप कमी का धरायचा?

चाकरमानी
पटतंय, पण पूर्ण नाही. कंडेन्सरचा फरक मी स्वतः ऐकलाय.

सुरंगी
मग हे वाचा. मागच्या डिसेंबरात आम्ही सहा जण कुडाळला काकांच्या मांगरात जमलो होतो. तीन अँप: माझा ५ई३, एक १८ वॅट, आणि एका मित्राने बांधलेला, बेसमनवरून बेतलेला मोठा. मध्ये दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, वाजवणारा एकच, गिटार एकच. आवाजाची पातळी मोबाइलच्या मीटरवर सारखी केली, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो.

पहिली फेरी, तिन्ही अँप एकाच स्पीकरला, स्वच्छ आवाजात. आम्ही खूप चुकलो. मी माझाच अँप ओळखला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं. दुसरी फेरी, व्हॉल्यूम चढवून. इथे मात्र फरक उघड. ५ई३ दबतो, श्वास घेतल्यासारखा पुन्हा फुगतो, कारण ५वाय३ रेक्टिफायरवर जोर पडला की व्होल्टेज खाली बसतं. १८ वॅट पहिल्या सुरापासून खडीसाखरेसारखा. मोठा अँप हलेचना, त्याला फाडायला जो आवाज लागतो त्याने मांगराची कौलं थरथरली.

तिसरी फेरी कंडेन्सरची. ५ई३मध्ये एक स्विच लावला होता, एका बाजूला भारी तेलवाला, दुसऱ्या बाजूला साधा पॉलिएस्टर, दोन्ही मीटरवर मोजून सारख्या व्हॅल्यूचे. स्विच कधी फिरवतोय ते कोणालाच कळलं नाही. ज्यांनी फरक आहे म्हटलं त्यांनी स्विच न फिरवता सुद्धा फरक आहे म्हटलं.

आणि शेवटी स्पीकर. तोच ५ई३, आधी जेन्सनसारखा एक १२ इंची, मग सेलेस्टियनचा ग्रीनबॅक. काकांची नात शेजारच्या पडवीत पुस्तक वाचत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "आता दुसरा लावलात ना?"

चाकरमानी, तुमच्या कानावर माझा अविश्वास नाही. पण कंडेन्सर बदलायला अँप उघडतो, डाग काढतो, पुन्हा लावतो, यात अर्धा तास जातो. अर्ध्या तासापूर्वीचा आवाज आठवून तुलना करणं माझ्याच्याने तरी होत नाही.

चाकरमानी
ताई, तुमच्या पुढच्या बैठकीला मी येतो. माझे कंडेन्सर घेऊन. गोधडीपलीकडे बसून सांगतो.

तिसरीतार
स्पीकरचा एक हिशोब जोडतो. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. ग्रीनबॅकची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती आवाज) ९८ डेसिबल, सेलेस्टियन ब्लूची १००, काही जेन्सन ९५ च्या आसपास. म्हणजे १५ वॅटचा अँप चांगल्या स्पीकरवर ३० वॅटएवढा ऐकू येतो. फक्त ब्लू १५ वॅटच सोसतो हे लक्षात ठेवा, मोठ्या अँपला लावलात तर कोन फाटेल.

पेटीमास्तर
सावंतवाडीत सुतारकाम करतो, आतापर्यंत नऊ पेट्या केल्यात. जांभादादांनी शिवणीचं नाव काढलं म्हणून लिहितो. ५ई३ची मूळ पेटी पाइनची, बोटं अडकवलेल्या सांध्याची. आपल्याकडे शिवण त्याच्या जवळ जाते, हलकी आणि पावसात फारशी वाकत नाही. फणस दिसायला देखणा, पण जड, १२ इंची पेटी दोघांनी उचलावी लागते. सागाची केली होती एक, आवाज छान, गिऱ्हाइकाची कंबर गेली.

पाइन हवाच असेल तर मशीनच्या खोक्यांचा मिळतो, पण तो आधी दोन महिने माळ्यावर वाळवा. वाळवी लागलेली फळी ठोकून बघितल्यावर बद्द वाजते, ती घेऊ नका. मागच्या झडपेला आतून बारीक जाळी मारा. का ते ज्याने अनुभवलंय त्याला विचारा.

मीटरभाऊ
पाल?

पेटीमास्तर
पाल. रेक्टिफायरच्या सॉकेटवर. वास आठ दिवस.

जांभा
पालीपेक्षा माझी कुंभारीण ऐका. महिनाभर अँप बंद होता, स्पीकरची वायर काढून ठेवलेली. परत आलो, वायर जॅकमध्ये घातली, पूर्ण जाईना. वाटलं जॅक घट्ट झालाय, जोर लावून दाबली आणि अँप चालू केला. आवाज नाही. व्हॉल्यूम वाढवला, तरी नाही. मग आतून तडतड ऐकू आली आणि जळका वास. कुंभारीण माशीने जॅकमध्ये मातीचं घर बांधलं होतं, आत सुकलेला कोळी सुद्धा. प्लग अर्धवट गेल्याने जॅकचा शॉर्ट होणारा पत्रा सुटला होता, पण टोक पोचलंच नव्हतं. स्पीकरविना वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत भलतं व्होल्टेज उठतं. माझा गेला. आता गिटार बंद केली की प्रत्येक भोकात रिकामा प्लग.

दर्याकाठ
हे वाचून मलाही लिहावंसं वाटलं. सुरुवातीला मी मॉडेलर घ्या म्हटलं, त्यामागचं कारण सांगितलं नव्हतं. माझ्याकडेही ५ई३ होता. मी आणि माझ्या मोठ्या भावाने मिळून बांधलेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात माळ्यावरचे पत्रे उडाले, अँप तिथेच होता. रात्रभर पाऊस आत. पुढे कितीतरी दिवस लाइट नव्हती, घर आवरण्यात अँपकडे कोण बघणार. लाइट आल्यावर भाऊ म्हणाला वाळलाय, लावून बघू. फ्यूज गेला, पुन्हा लावला, पुन्हा गेला. मग तो मी गोणपाटात गुंडाळून ठेवला. भाऊ आता परदेशी असतो. उघडायचं मन झालं नाही.

सुरंगी
दर्याकाठ, ट्यूब काचेच्या आत असते, तिला पाऊस लागत नाही. अँप सहसा पूर्ण जात नाही. उघडा. सगळ्या ट्यूब काढा आणि नुसता पॉवर ट्रान्सफॉर्मर सिरीज लॅम्पवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावून बघा. बल्ब मंद राहिला तर तो जिवंत आहे.

रेडिओकाका
आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मीटरवर बघ. मधल्या लाल तारेपासून दोन्ही टोकांना काही शे ओहम यायला हवेत. एखाद्या बाजूला काहीच आलं नाही तर आतली तार गंजून तुटली. तुटली असेल तर माझ्याकडे पाठव, मी बांधून देतो.

किनारपट्टी, तूसुद्धा वाच, तुला लागणार आहे. ८००० ओहम प्रायमरी, ८ ओहमचा स्पीकर. भागिले केलं की हजार, त्याचं वर्गमूळ ३१.६. प्रायमरीला ३००० फेरे घेतले, १५०० अधिक १५००, तर सेकंडरीला ९५. हे गणित मोटार बांधणाऱ्यालाही येतं. खरी गंमत थरांत आहे. सगळी प्रायमरी खाली आणि सगळी सेकंडरी वर गुंडाळली तर वरचे सूर मरतात, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. म्हणून प्रायमरीचा एक भाग, मग सेकंडरी, मग पुन्हा प्रायमरी, असे थर लावायचे. मधे कागद. स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरचे पत्रे, सीआरजीओ पोलादाचे, पुश-पुलला (जोडीने चालणाऱ्या दोन व्हॉल्व्हना) एकाआड एक उलटसुलट भरायचे. एकाच व्हॉल्व्हचा छोटा अँप असेल तर ई आणि आय वेगळे ठेवून मधे कागदाची चकती, नाहीतर कोअर डीसीने भरून जातो. शेवटी गरम करून वॉर्निशमध्ये बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे बुडबुडे म्हणजे आतली हवा. हवा राहिली तर तिच्या जागी पावसाळ्यात ओल जाणार. घाईत वरून नुसता ब्रश मारणारे असतात, त्यांच्याकडून घेऊ नको.

तिसरीतार
काका, बुडबुड्यांचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझा पहिला ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याच पावसाळ्यात गेला होता.

किनारपट्टी
मंडळी, दीड महिन्याने येतोय. धागा वर काढतो.

५ई३च घेतला. ६व्ही६ लाइटचा मार सोसतो, हे तिसरीतार यांनी स्वतः कबूल केलं तेव्हाच ठरलं. बोर्ड ग्लास इपॉक्सी. पॉवर ट्रान्सफॉर्मरला तीन टॅप. आउटपुट काकांनी बांधला, घ्यायला कुडाळला गेलो तर वॉर्निशच्या डब्यात बुडवलेला माझ्यासमोर बाहेर काढला. ब्राइट चॅनेलचा कपलिंग कंडेन्सर ०.०२२, नॉर्मलचा ०.१ तसाच ठेवलाय. पेटी शिवणीची. पेटीमास्तरांनी झडपेला पितळी जाळी मारून दिली.

पहिल्यांदा चालू करताना हात थरथरत होते हे खरं आहे. १०० वॅटच्या बल्बची सिरीज, खाली आईचा जेवणाचा पाट. ट्यूब न लावता बल्ब काजव्याएवढा. मग रेक्टिफायर सोडून बाकीच्या लावल्या, हीटर पेटले. मग ५वाय३ लावली. बल्ब भक्कन पेटला, माझा जीव गळ्यात आला, आणि दोन-तीन सेकंदांत तो हळूहळू लालसर होत खाली गेला. कंडेन्सर भरले होते. सिरीज काढून मोजलं, प्लेटवर ३५२ व्होल्ट.

थोडी गुणगुण होती. हीटरच्या तारा पहिल्या ट्यूबपाशी ग्रिडच्या तारेला समांतर गेल्या होत्या. जांभादादांचं आठवलं, सुक्या काटकीने तार उचलून काटकोनात नेली, गुणगुण जवळजवळ गेली. काटकीने तार सरकवताना आवाज बदलतो ते कानाने ऐकलं.

पहिला सूर मी नाही वाजवला. आईने खालची तार ओढली. मग मी वाजवायला बसलो तो रात्री अकरापर्यंत. व्हॉल्यूम सात, जोरात छेडली की फाटतो, हलक्या बोटाला स्वच्छ. मडगावचा तो आवाज हाच का, सांगता येणार नाही. पण बटणाला हात लावावा लागला नाही.

जांभा
अभिनंदन! फोटो टाका, आतला. बाहेरचा नंतर.

सुरंगी
फार छान. आता पावसाळ्यात रोज अर्धा तास चालू ठेवा. त्याच्याच उबेने तो कोरडा राहील.

चाकरमानी
अभिनंदन. गोधडीची बैठक आता चार अँपची करू.

दर्याकाठ
गोणपाट उघडलं. पॉवर ट्रान्सफॉर्मर सिरीजवर मंद, म्हणजे जिवंत. पहिला फिल्टर कंडेन्सर फुगून शॉर्ट झालेला, फ्यूज त्यानेच उडवला असणार. आउटपुटची एक बाजू काही दाखवत नाही. पाच ट्यूबपैकी पाचही शाबूत, पिना हिरव्या झाल्यात एवढंच. चेसिसच्या आत भावाने पेन्सिलीने तारीख लिहिलेली आहे, ती पुसली गेली नाही.

काका, ट्रान्सफॉर्मर उद्या एसटीच्या पार्सलने कुडाळला पाठवतो. स्टॅम्पिंग चांगलं आहे, तेच वापरा.

रेडिओकाका
पाठव. तारेचा गेज आणि फेरे उलगडताना मोजून लिहून ठेवीन, तुमच्या भावाने घातले होते तेवढेच घालतो.